पन्नास मीटरचा दंड

मेलबर्नमध्ये नवीन माणसाला लोक जात-धर्म विचारत नाहीत, पगार तर नाहीच नाही. विचारतात ते एवढंच, "तू कुठल्या टीमचा?" आम्ही ग्लेन वेव्हर्लीत राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून हाच प्रश्न टाकला. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला तुमच्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ते हसले आणि म्हणाले, "हरकत नाही, अंपायरलाही कळत नाही."

तर मंडळी, आज या खेळाबद्दल, म्हणजे खरं तर त्यातल्या दंडाबद्दल. खेळाचं सगळं वर्णन करत बसत नाही, जेवढं लागेल तेवढंच सांगतो. याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात, लाडाने 'फूटी'. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब; मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, म्हणजे ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर समाधानाचा १ गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण पळता पळता ठरावीक अंतरावर तो जमिनीवर टप्पा देऊन घ्यावा लागतो. कुणी लाथाडलेला चेंडू १५ मीटर किंवा जास्त अंतरावरून येऊन थेट तुमच्या हातात विसावला तर तो 'मार्क'. मार्क मिळाला की सगळं थांबतं, तुम्हाला निवांतपणे फ्री किक मिळते, आणि समोरच्याने ठरलेल्या जागेच्या पुढे यायचं नाही.

हा मार्कचा नियम फार जुना. मेलबर्न क्लबच्या मंडळींनी मे १८५९ मध्ये एका हॉटेलात बसून पहिले दहा नियम लिहिले, त्यातही तो आहे. गंमत म्हणजे त्या दहा कलमांत अंपायरचा उल्लेख नाही. सुरुवातीच्या काळात भांडण झालं तर दोन्ही कप्तानांनी आपसांत मिटवायचं. आज एएफएलच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या सामन्यात नुसते मैदानातले शिट्टीवाले अंपायर चार असतात. १९७५ पर्यंत एकटाच असायचा, १९७६ पासून दोन, १९९४ पासून तीन आणि २०२३ पासून चार. भलेपणावरचा विश्वास कसकसा कमी होत गेला त्याचा हा आलेखच म्हणा ना.

माझा धंदा कारखान्यांतल्या नियंत्रण यंत्रणांचा. टाकीतलं पाणी वर गेलं, झडप बंद करा. दाब वाढला, हवा सोडा. अशा माणसाला खेळापेक्षा शिट्टी वाजल्यानंतर काय होतं यातच जास्त रस. कारण नियम मोडल्यावर शिक्षा देणं हीसुद्धा एक नियंत्रण यंत्रणाच आहे. तिला तीन प्रश्न विचारायचे. शिक्षा किती लवकर लागू होते? ती गुन्ह्याच्या मानाने किती मोठी आहे? आणि वसूल केलेला दंड कुणाच्या खिशात जातो?

फूटीचं उत्तर फार सरळ आहे. इथे दंड जमिनीत मोजतात, जागच्या जागी वसूल करतात, आणि तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच खात्यात जमा होतो.

साधी चूक असेल, म्हणजे मानेवर हात पडला, पाठीत ढकललं, तर साधी फ्री किक. ती कुठून घ्यायची तेही ठरलेलं: जिथे आगळीक झाली तिथून, किंवा त्या वेळी चेंडू जिथे असेल तिथून. यातली जी जागा चूक करणाऱ्याला जास्त महाग पडेल ती. म्हणजे मी चेंडू लांब मारून मोकळा झालो आणि त्यानंतर तुम्ही मला आडवं केलंत, तर फ्री किक माझ्या पडल्या जागी नाही, चेंडू जिथे पोचला तिथे माझ्या साथीदाराला मिळते. आणि अंपायरच्या शिट्टीमुळे निरपराध बाजूचंच नुकसान होऊ नये म्हणून तिचा खेळाडू चेंडू घेऊन तसाच पुढे निघाला तर त्याला जाऊ देतात. चोराला पकडायला गाडी थांबवली आणि मालकाचीच वेळ गेली, असं होत नाही.

पण खरी मजा त्याच्या पुढच्या पायरीत आहे. एखाद्याला मार्क किंवा फ्री किक मिळाली आहे, आणि आता समोरचा चावटपणा करतो: ठरलेल्या जागेच्या पुढे सरकतो, चेंडू परत न देता दूर भिरकावतो, वेळ काढतो, मार्क घेतलेल्याला उगाच धरून ठेवतो किंवा उशिरा जाऊन धडकतो. की लगेच शिट्टी, आणि 'फिफ्टी'! अंपायर गोलच्या दिशेने पळत सुटतो, फ्री किकवाला चेंडू घेऊन त्याच्याबरोबर, आणि गुन्हेगारही मान खाली घालून मागे मागे. अंपायर ५० मीटर नजरेने मोजतो, टेप नाही की साखळी नाही. तिथे नवी जागा ठरते. मैदानाची लांबी साधारण १३५ ते १८५ मीटर असते, म्हणजे एका आगाऊपणाला जवळजवळ एक तृतीयांश मैदान द्यावं लागतं. साठ मीटरवरून गोल होणं कठीण. तोच माणूस दहा मीटरवर आला की मुकाट्याने ६ गुण लिहून घ्यायचे.

हा दंड पूर्वी १५ मीटरच होता. १९८८ मध्ये तो ५० झाला. १५ मीटरची अडचण कुठल्याही हिशेबी माणसाला कळेल. समोरची टीम वेगाने चाल करून येते आहे, आपली माणसं अजून जागेवर पोचलेली नाहीत. अशा वेळी मार्क घेतलेल्याला मिठी मारून पाच-सहा सेकंद अडकवून ठेवलं तर आपला बचाव सावरतो. किंमत काय? फक्त १५ मीटर. परवडतं की! दंड नफ्यापेक्षा लहान असला की तो दंड राहत नाही, तो भाव होतो. आपल्याकडे नो पार्किंगमध्ये गाडी लावून "पावती फाडा हो" म्हणणारे महाभाग असतात ना, तेच हे.

आता अमेरिकन फुटबॉलवाल्यांकडे बघा. त्यांचाही दंड जमिनीतच, पण तिथे दरपत्रकच आहे: अमुक चुकीला ५ यार्ड, तमुकला १०, मोठ्या चुकीला १५. पिवळा फडका टाकतात, खेळ थांबतो, मुख्य पंच माइकवरून जाहीर निवाडा देतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारतात की बाबा रे, दंड घेतोस की आहे ते बरं आहे? दंड नाकारायची सोय! आणि एक नियम तर मला फारच आवडतो. दंडाचं अंतर जर राहिलेल्या अंतराच्या अर्ध्याहून जास्त असेल, तर अर्धंच अंतर पुढे न्यायचं. म्हणजे कितीही वेळा असा दंड झाला तरी अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं करत गोलरेषा कधीच येणार नाही. शाळेत ससा-कासवाचं जे कोडं घालायचे त्यातलाच प्रकार. ऑस्ट्रेलियन माणसाला असलं गणित मान्य नाही. ५० मीटरच्या आत गोल असेल तर तो तुम्हाला थेट गोलरेषेवर नेऊन उभं करतो: घाल बाबा, तुझाच आहे.

हे सगळं वाचून "बरं मग?" असं म्हणाल. म्हणून आमच्या घराजवळचीच एक गोष्ट सांगतो.

ग्लेन वेव्हर्लीच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर मलग्रेव्ह नावाचं उपनगर आहे. तिथे वेव्हर्ली पार्क नावाचं प्रचंड मैदान १९७० मध्ये सुरू झालं. तिथवर रेल्वे नेणार होते, ती कधीच आली नाही. बोचरं वारं आणि पाऊस यांमुळे लोकांनी त्याला 'आर्क्टिक पार्क' असं नाव ठेवलं होतं. सप्टेंबर १९८७ मध्ये तिथे उपांत्य सामना झाला, मेलबर्न विरुद्ध हॉथॉर्न. मेलबर्न हा सगळ्यांत जुना क्लब, पण १९६४ नंतर तो बाद फेरीतसुद्धा आला नव्हता. त्यांचा लाडका रॉबी फ्लॉवर १९७३ पासून खेळत होता आणि त्याला बाद फेरी पहिल्यांदा बघायला मिळाली ती याच वर्षी.

सामन्याची शेवटची काही सेकंदं. मेलबर्न ४ गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण गोलपासून पंचावन्नेक मीटरवर. इतक्या लांबून गोल होणं जवळजवळ अशक्य. तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा झाला. नियमाप्रमाणे ती एक किक मारायची होती, मग सामना संपला. आणि त्याच गोंधळात मेलबर्नचा एक उंच पोरगा आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावत बकेनारा आणि मार्कच्या जागेवर उभा असलेला माणूस यांच्या मधून आडवा निघून गेला. त्याने कुणाला धक्का दिला नाही, चेंडूला हात लावला नाही. फक्त जिथून जायचं नाही तिथून गेला. शिट्टी. १५ मीटर. बकेनारा पंचावन्नवरून चाळीसवर आला, त्याने शांतपणे गोल मारला. हॉथॉर्न २ गुणांनी जिंकलं. मेलबर्नची अंतिम फेरी गेली. रॉबी फ्लॉवरचा तो शेवटचा सामना ठरला.

तो उंच पोरगा म्हणजे जिम स्टाइन्स. वय २१. डब्लिनचा. आयर्लंडमध्ये तो गेलिक फुटबॉल खेळत वाढला होता, जो याच्यासारखा दिसतो पण हा नाही. मेलबर्न क्लबने आयर्लंडमध्ये जाहिरात देऊन तरुण पोरं शोधली होती, त्यात हा १९८४ मध्ये इथे आला. १९८७ हे त्याचं मुख्य संघातलं पहिलंच वर्ष.

परदेशात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट जरा वेगळी ऐकू येते. नियम पाठ करता येतात, परीक्षा देता येते. पण घाईच्या क्षणी डोकं कामाला येत नाही, पाय धावतात, आणि पायांना लहानपणचंच गाव माहीत असतं. स्टाइन्सच्या पायांनी डब्लिनच्या मैदानाचा रस्ता धरला. अंपायरने हे विचारात घ्यायला हवं होतं का? "नवीन आहे बिचारा, जाऊ द्या" असं म्हणायला हवं होतं का? मी यावर बराच विचार केला आहे आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे. जमिनीत मोजलेल्या दंडाची खासियतच ही की तो तुमचा हेतू विचारत नाही. तुम्ही कुठून आलात, मनात काय होतं, हा प्रश्नच नाही. तुम्ही कुठे उभे होतात एवढंच. हे क्रूर वाटतं, पण पाहुण्याला सवलत देणारा नियम त्याला कायम पाहुणाच ठेवतो.

अर्थात जमिनीत मोजता येणार नाहीत असेही गुन्हे असतात. एएफएलमध्ये लाल कार्ड नाही. कितीही भयंकर केलं तरी त्या दिवशी मैदानाबाहेर काढत नाहीत. बऱ्याच स्थानिक लीगमध्ये कार्डं आहेत, सर्वोच्च पातळीवर नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पर्थला वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने फ्रीमँटलच्या अठरा वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉला चेंडू दूर असताना ठोसा मारला. पोराचा जबडा मोडला, तो रुग्णालयात गेला. गॅफ खेळत राहिला आणि वेस्ट कोस्ट जिंकलं. न्यायाधिकरणाने मग गॅफला ८ सामन्यांची बंदी घातली. त्यात अंतिम सामनाही गेला, जो त्याचा संघ त्याच्याशिवाय जिंकला. शिक्षा कडक झाली यात वाद नाही. पण माझा तिसरा प्रश्न आठवा: दंड कुणाच्या खात्यात जमा झाला? फ्रीमँटलला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. बंदीचा फायदा झाला तो पुढच्या आठवड्यांत वेस्ट कोस्टशी खेळणाऱ्या इतर संघांना! हे या पद्धतीतलं मोठं भोक आहे आणि ते अजून बुजलेलं नाही.

बंदीची दुसरी एक झळ इथल्या लोकांना जास्त चटका लावते. ब्राउनलो पदक हा खेळातला सर्वोच्च मान, आणि तो फक्त उत्तम खेळाडूला नाही, 'सर्वांत सचोटीच्या आणि उत्तम' खेळाडूला देतात. मतं कोण देतं? अंपायर! प्रत्येक सामन्यानंतर तेच ३, २, १ अशी मतं टाकतात. आणि त्या मोसमात बंदी झाली असेल तर कितीही मतं मिळोत, पदक नाही. १९९७ मध्ये ख्रिस ग्रँटला सगळ्यांत जास्त मतं पडली होती, पण एका सामन्याच्या बंदीमुळे पदक त्याच्या मागच्या रॉबर्ट हार्वेला गेलं.

आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर क्रिकेटचं घ्या. फेब्रुवारी १९८१, मेलबर्नचंच मैदान. लिलीच्या चेंडूवर गावसकर ७० वर पायचीत. बॅटला चेंडू लागला होता असं त्यांचं म्हणणं. चिडून ते एकेकाळी महाराष्ट्राकडून खेळलेल्या चेतन चौहानलाही बरोबर घेऊन तंबूकडे निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आडवे आले, चौहान परत गेले, आणि पुढे आपण तो सामना जिंकलोसुद्धा. ऑस्ट्रेलिया ८३ वर गारद. आता नियंत्रणवाल्याच्या नजरेने बघा. त्या वेळी अंपायरच्या हातात काय होतं? सामना पंच हा प्रकार १९९१ मध्ये आला. म्हणजे एकतर काहीच करायचं नाही, नाहीतर खेळायला नकार दिला म्हणून अख्खा सामना समोरच्याला देऊन टाकायचा. शून्य किंवा शंभर. असं बटण कुणी दाबायला धजावत नाही. क्रिकेटमध्ये पाच धावांचा दंड २००० च्या नियमावलीत आला तो या मधल्या जागेसाठी. त्याचा फायदा आपल्याला जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला झाला. मुंबईकर इंजिनियर सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना रोहित आणि कोहली दोघांनाही बाद केलं होतं, आपली तंतरली होती. ३० चेंडूंत ३५ हव्या होत्या. अमेरिकेने दोन षटकांच्या मध्ये तिसऱ्यांदा वेळ काढला म्हणून पाच धावा आपल्याला बहाल झाल्या आणि ३० चेंडूंत ३० उरल्या. लहान दंड, लगेच, आणि ज्याचं नुकसान त्याच्या खात्यात.

अंपायरशी हुज्जत घालणं हा आता फूटीतही जमिनीत मोजायचा गुन्हा झाला आहे. २०२२ मध्ये एएफएलने फर्मान काढलं की निर्णय झाल्यावर दोन्ही हात पसरून "हे काय?" असं केलं तरी ५० मीटर. गावभर हलकल्लोळ. नुसते हात पसरले म्हणून एक गोल? पण कारण टीव्हीवरच्या सामन्यांत नव्हतं, ते आमच्यासारख्या उपनगरांतल्या मैदानांवर होतं. शनिवार-रविवारी मुलांच्या सामन्यांना अंपायर मिळेनासे झाले होते, कारण शिव्या खायला कोण येणार? आणि मुलं टीव्हीवर जे बघतात तेच मैदानात करतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमची लेक पंधराव्या वर्षी खिशाला चार पैसे मिळतात म्हणून रविवारी मुलांच्या सामन्यांत अंपायर म्हणून जाऊ लागली. सातारकर आजीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गावच्या पोरांची भांडणं सोडवायची? वर पैसे?" तर एका सामन्यात तेरा वर्षांच्या एका पोराने तिच्या निर्णयावर हात पसरले आणि काहीतरी बोलला. कुंपणाबाहेर त्याचा बाप त्याहून मोठ्याने बोलत होता. तिने शिट्टी वाजवली आणि दंड दिला. स्थानिक लीगमध्ये बऱ्याच ठिकाणी तो २५ मीटरचा असतो. त्यावर गोल झाला. पोरगा रडला. बाप आणखी चेकाळला.

घरी येताना गाडीत ती गप्प होती. मला वाटलं, आता म्हणणार की पुन्हा जाणार नाही. ती म्हणाली, "बाबा, पाच मिनिटांनी त्याच पोराला मानेवर धरलं होतं. मी फ्री किक दिली त्याला. तो थँक यू अंपायर म्हणाला."

"आणि त्याचा बाप?"

"त्याला कुठे दंड झाला? म्हणून तो शेवटपर्यंत ओरडत होता."

माझ्या मते दंडाचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. पोराने चूक केली, पंचवीस मीटरमध्ये फेडली, खातं बंद झालं. पुढच्या शिट्टीला तो कोराच्या कोरा होता. अंपायरच्या मनातही आणि स्वतःच्या मनातही. आपल्याकडे खटल्याच्या तारखा पडत राहतात, वर्षं जातात, आणि शिक्षा झाली नाही म्हणून राग कुणाचाच जात नाही, ना फिर्यादीचा, ना आरोपीचा, ना गावाचा. लवकर वसूल झालेला लहान दंड हा दोघांवरही उपकार असतो.

राहिली स्टाइन्सची गोष्ट. त्या दिवशी तो सगळ्या शहराचा गुन्हेगार होता. दुसरा कुणी असता तर पहिल्या विमानाने डब्लिनला गेला असता. हा राहिला. १९९१ मध्ये त्याने तेच ब्राउनलो पदक जिंकलं, अंपायरांच्या मतांनी. १९९८ पर्यंत सलग २४४ सामने खेळला, एकही न चुकवता. तो विक्रम आहे. मैदानाबाहेर भरकटलेल्या तरुण मुलांसाठी त्याने संस्था काढली. २००८ मध्ये मेलबर्न क्लब कर्जात बुडाला तेव्हा अध्यक्षपद याच माणसाने घेतलं आणि तो फेडला. पुढे कर्करोगाने गाठलं. मार्च २०१२ मध्ये तो गेला तेव्हा ४५ वर्षांचा होता, आणि व्हिक्टोरिया राज्याने शासकीय इतमामात त्याला निरोप दिला. ज्या क्लबला त्याची १५ मीटर इतकी महाग पडली, त्याने ती फेड मागितली नव्हती. नियमाचं देणं तर त्याच दिवशी, त्याच गोलमध्ये चुकतं झालं होतं. बाकीचं त्याने स्वतःहून दिलं.

वेव्हर्ली पार्कवर एएफएलचा शेवटचा सामना १९९९ मध्ये झाला. आता तिथे घरांची वसाहत आहे; मैदान आणि जुन्या प्रेक्षागृहाचा एक भाग तेवढा जपून ठेवला आहे. संध्याकाळी लोक कुत्री फिरवतात. नव्याने आलेल्या कुणाला तिथे घेऊन गेलो तर मी त्याला गवतावर साधारण चाळीस मीटरवर उभं करतो, मग मागे पंचावन्नवर चालत जायला सांगतो. पंधरा मोठी पावलं. एवढंच अंतर. असो.